अडीच इंचाचं घर

चि. बाळास,


पत्र आणि फोटो पोचले. बर्मिंगहॅमची जुनी दुनळी पेनसिल्व्हेनियात तुझ्या हाती लागली, फार आनंद वाटला. पण ‘दुकानातलं बाराबोरचं काडतूस आत सहज बसतं, मग अडचण कसली?’ हे वाचलं आणि लगेच लिहायला बसलो.

अडचण तिथेच आहे. काडतुसाची लांबी मोजतात ती उडाल्यावरची, तोंड पूर्ण उघडलेलं असतानाची. अमेरिकेतलं नेहमीचं काडतूस पावणेतीन इंची. पण तोंडाच्या पाकळ्या दुमडलेल्या असतात तोवर ते सव्वादोन इंचांच्या आसपास भरतं. म्हणून तुझ्या बंदुकीत खुशाल जातं. बार उडाला की पाकळ्या उलगडतात आणि काडतूस बसतं ते नळीतलं घर जिथे संपून नळी निमुळती होते, तिथे जाऊन अडकतात. छर्र्यांची वाट अरुंद होते, दाब चढतो. तुझ्या फोटोत नळ्यांच्या बुडाच्या सपाट भागावर अडीचचा आकडा आणि ‘3 टन’ असा दाबाचा ठसा स्पष्ट दिसतो. तो 1954 च्या ब्रिटिश नियमांनुसार, बंदुकांची चाचणी घेणाऱ्या प्रूफ हाउसने मारलेला आहे. त्याचा मान ठेव.

आता काडतुसं स्वतः भरायचा तुझा बेत. टरफल अडीच इंचावर कापायचं, हे बरोबर. पण नुसतं कापून भागत नाही. लांबी हा एक प्रश्न, दाब हा दुसरा. ‘छर्रे कमी घातले, धक्का सौम्य बसला, म्हणजे दाब कमी’ असं समजणारे पुष्कळ भेटतात, आणि मला त्यांची खरोखर भीती वाटते. खांद्याला बसणारा धक्का मुख्यतः छर्र्यांचं वजन आणि वेग सांगतो. घरातला दाब सांगत नाही. झटकन जळणारी दारू असेल तर हलक्या काडतुसातही दाब टोकाला जाऊ शकतो. जरा सावकाश जळणारी दारू तेवढाच वेग कमी दाबात देते. जुन्या बंदुकीला हवी ती ही.

दारू बनवणारे प्रयोगशाळेत दाब मोजून तक्ते छापतात. त्यातलं टरफल, टोपी, वॅड (दारू आणि छर्रे यांमधली गादी), दारू, छर्रे, सगळं जसंच्या तसं घ्यायचं. नुसती टोपी बदलली तरी दाब बदलतो. वॅड संपली म्हणून दुसरी चालवून घेऊ नकोस. त्या दिवशी काडतुसं भरायचं प्रेस बंद ठेव. दारूचं प्रत्येक माप तराजूवर पडताळ.

आणखी एक. अमेरिकेत आलेल्या अशा कित्येक बंदुकांची घरं मागाहून कोणीतरी कोरून लांब केलेली असतात. त्यात नळीची भिंत पातळ होते आणि ठसा मात्र जुनाच राहतो. तेव्हा जाणत्या बंदूक-कारागिराकडून घराची लांबी आणि भिंतीची जाडी, दोन्ही मोजून घे आणि मला कळव. तोवर त्या बंदुकीतून एकही बार काढू नकोस.

तुझा,
मामा