आर्मा काउंटीतून दोन पत्रं

आर्मा, उत्तर आयर्लंड, रविवार रात्र

तीर्थरूप आबा,

आज इथल्या ॲथलेटिक ग्राउंड्सवर काउंटीच्या क्लब अजिंक्यपदाचा सामना पाहिला. गेलिक फुटबॉल. तुम्ही असतात तर पहिली दहा मिनिटं ‘हँड, हँड’ म्हणून ओरडला असतात. पंधरा-पंधरा गडी, आणि चेंडू हातात घेऊन खुशाल पळायचं. फक्त चार पावलांत टप्पा द्यायचा, नाहीतर चवड्यावरून उडवून पुन्हा हातात घ्यायचा. लागोपाठ दोन टप्पे चालत नाहीत. पावसात चेंडू साबणासारखा झालेला, तरी पोरं हे भर धावेत करतात.

आडव्या दांडीखालून जाळीत गेला की गोल, त्याचे तीन गुण. दांडीवरून गेला तर एक. 2025 पासून लांबून, चाळीस मीटरच्या कमानीबाहेरून मारला तर दोन. गोल आणि गुण फलकावर वेगळे लिहितात. 2002 साली आर्मा काउंटीने पहिल्यांदा ऑल-आयर्लंड अजिंक्यपद जिंकलं ते केरीविरुद्ध 1-12 विरुद्ध 0-14 असं, म्हणजे पंधराला चौदा. आपल्याकडे कोल्हापुरात या हिशेबावरून शाहू स्टेडियमवर मारामारी झाली असती!

खेळायचे पैसे कुणालाच नाहीत. ज्या गावचे, त्या गावच्या क्लबकडून खेळायचं, सोमवारी कामावर हजर.

क्रॉसमग्लेन, मंगळवार

आबा,

या गावासाठीच मुद्दाम वाट वाकडी केली. दोन हजारांच्या आतली वस्ती, मधोमध भला मोठा चौक, आयर्लंड प्रजासत्ताकाची सीमा अगदी जवळ. या एवढ्याशा गावच्या ‘क्रॉसमग्लेन रेंजर्स’ने 1996 ते 2008 सलग तेरा वर्षं काउंटीचा कप सोडला नाही. ऑल-आयर्लंड क्लब अजिंक्यपद सहा वेळा. जो कर्नन यांनी आधी या क्लबला मोठं केलं, मग 2002 ला आर्मा काउंटीचे प्रशिक्षकही तेच. त्या अंतिम सामन्यात पेनल्टी हुकवून नंतर गोल करणारा ओशीन मॅककॉन्व्हिल याच गावचा.

मैदानाला लागूनच ब्रिटिश लष्कराचा तळ होता. सत्तरच्या दशकात लष्कराने क्लबची काही जमीनही घेतली. सराव चालू असताना शेजारी हेलिकॉप्टर उतरायचं, उडालेला चेंडू तटबंदीपलीकडे गेला तर गेलाच. 2007 ला तळ बंद झाला. या छळाने संघ घडला असं सांगायचा मोह इथे सगळ्यांना होतो. मला ते अर्धंच पटतं. छळ तर तीस वर्षं होता. कर्नन आणि ती पोरं एकाच वेळी हाती लागली, हे नशीबही मोजायला हवं.

आणि बाकीच्या काउंटीचं काय? 2009 ला आर्मा शहरातल्या पिअर्स ओगने कप नेला, तर पुढच्याच वर्षी यांनी परत आणला आणि 2015 पर्यंत ठेवला. वीस वर्षांत एकोणीस! शेजारच्या क्लबांतल्या कितीतरी चांगल्या खेळाडूंची उमेद यांच्यापायी पदकाविना सरली असणार. त्यांचं कौतुक कुणी लिहीत नाही.

2016 ला लॉक ने सरोवराच्या काठच्या मॅघेरी या छोट्या क्लबने इतिहासात पहिल्यांदा कप जिंकला. उद्या तिकडे निघतोय. सरोवरातली ईल मासळी तिथे मिळते का तेही बघतो; आईला एवढ्यात सांगू नका.

तुमचा,
बाळू