उघड्यावरचे गुपित

नवे दुकान थाटणारा व्यापारी पुष्कळदा बिलबुकाचा पहिला क्रमांक १ न टाकता ५०१ टाकतो. दुकान कालचे आहे हे गिऱ्हाइकाला कळू नये, एवढाच त्यामागचा हेतू. पण तेच गिऱ्हाईक महिन्याने पुन्हा आले आणि ६२० क्रमांकाचे बिल घेऊन गेले, तर महिन्याकाठी किती बिले फाटतात हे त्याला कोणाला न विचारता समजते. वही कुलपात राहते, हिशेब मात्र बाहेर गेलेला असतो.

दुसऱ्या महायुद्धात दोस्त राष्ट्रांच्या संख्याशास्त्रज्ञांनी हीच युक्ती जर्मन रणगाड्यांवर वापरली. ऑगस्ट १९४२ मध्ये जर्मनीने १,५५० रणगाडे तयार केले असावेत, असा गुप्तचरांचा अंदाज होता. संख्याशास्त्रज्ञांनी हेरांना बाजूला ठेवले. रणांगणात हाती लागलेल्या रणगाड्यांच्या सुट्या भागांवरील अनुक्रमांक त्यांनी मांडले आणि उत्तर काढले ३२७. युद्ध संपल्यावर जर्मनीची दप्तरे उघडली, तेव्हा खरा आकडा निघाला ३४२.

उघड्यावर पडलेल्या माहितीतून दडवलेली गोष्ट शोधण्याच्या या विद्येला आज मुक्त स्रोत गुप्तवार्ता म्हणतात. उपग्रहांची विक्रीस असलेली छायाचित्रे, जहाजांचे संकेत, सैनिकांनी स्वतःच प्रसिद्ध केलेली चित्रे, सरकारी निविदा हा तिचा कच्चा माल. आधुनिक युद्धाचा अभ्यास करणाऱ्या संशोधकाची कारकीर्द आता बव्हंशी यावरच उभी राहते.

या क्षेत्राला लोकांसमोर आणणारा एलियट हिगिन्स ना सैनिक होता, ना प्राध्यापक. इंग्लंडमधील लेस्टर येथे राहणाऱ्या या गृहस्थाने २०१२ मध्ये घरी बसून सीरियातील युद्धाच्या चित्रफिती पाहण्यास आरंभ केला. त्याला अरबी येत नव्हती, शस्त्रांचे शिक्षणही नव्हते. चिकाटी तेवढी होती. कोणत्या गटाच्या हाती कोणते शस्त्र दिसते, याची तो जणू खतावणी लिहीत गेला. पुढल्याच वर्षी त्याने त्या चित्रफितींत पूर्वीच्या युगोस्लाव्हियातील बनावटीची शस्त्रे ओळखली आणि ती कोणत्या मार्गाने आली, हा प्रश्न जगातील मोठ्या वृत्तपत्रांपर्यंत पोहोचला.

जुलै २०१४ मध्ये त्याने बेलिंगकॅट ही संस्था काढली. त्याच महिन्यात, १७ तारखेला, पूर्व युक्रेनवर मलेशियाचे एमएच १७ हे प्रवासी विमान पाडले गेले व २९८ माणसे मृत्युमुखी पडली. रस्त्यावरच्या सामान्य माणसांनी टिपलेल्या चित्रांत एक क्षेपणास्त्रवाहक गाडी दिसत होती. तिच्या कडेच्या पट्टीवरील फाटतुटीच्या खुणा आणि पुसट झालेला क्रमांक हिगिन्सच्या सहकाऱ्यांनी रशियातील एका लष्करी ताफ्याच्या आधीच्या चित्रांशी पडताळले, आणि माग कुर्स्क येथील ५३ व्या ब्रिगेडपर्यंत गेला. आंतरराष्ट्रीय तपास पथकही २०१८ मध्ये स्वतंत्रपणे त्याच निष्कर्षावर आले. १७ नोव्हेंबर २०२२ रोजी नेदरलँड्समधील न्यायालयाने तिघांना त्यांच्या गैरहजेरीत जन्मठेप सुनावली. चौथा निर्दोष ठरला. मृतांच्या नातलगांना आठ वर्षांनी मिळालेल्या या उत्तराचा पहिला धागा एका फाटक्या पट्टीतून निघाला होता.

आपल्याकडेही ही परंपरा रुजली आहे. निवृत्त कर्नल विनायक भट यांनी तीन दशकांहून अधिक काळ लष्करी सेवा केली. उपग्रहचित्रांचे वाचन हा त्यांचा विषय. २०१७ मध्ये डोकलाम येथील ७३ दिवसांचा तणाव निवळल्याचे जाहीर झाले आणि सर्वांनी सुस्कारा सोडला. पुढच्या जानेवारीत भट यांनी चिनी सैन्याची तेथील पक्की बांधकामे चित्रांतून दाखवली. जानेवारी २०२२ मध्ये पँगाँग सरोवरावर चीन बांधत असलेला पूल डेमियन सायमन या अभ्यासकाने उपग्रहचित्रांतून पुढे आणला. काही दिवसांतच, तो पूल सुमारे साठ वर्षे चीनच्या बेकायदा ताब्यात असलेल्या भूभागात आहे, असे परराष्ट्र मंत्रालयाला सांगावे लागले.

केडगावच्या व्यापारी कुटुंबांना हा विषय दूरचा वाटावा, असे खरे तर काही नाही. पुणे रस्त्यावरचे हे उपनगर ज्या अहिल्यानगराचे, ते रणगाड्यांचेच शहर आहे. चिलखती दलाचे केंद्र व प्रशाला येथे, यांत्रिकी पायदळाचे केंद्र येथे, लष्करी वाहनांची संशोधन संस्था येथे आणि खारे कर्जुने येथे के. के. रेंज. रणगाडा संग्रहालयात १९६५ च्या युद्धातील पाकिस्तानी पॅटन उभा आहे. सहलीला आलेली मुले त्याच्यासमोर छायाचित्रे काढतात. तरीही घरातील मुलाने किंवा मुलीने बारावीनंतर संरक्षणशास्त्राचे नाव काढले, तर पेढीवर पहिला प्रश्न येतो, ‘यात मिळकत काय?’ प्रश्न गैर नाही. नोव्हेंबर २०२३ पासून तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले होऊ लागले आणि कंटेनर आफ्रिकेला वळसा घालून जाऊ लागले, तेव्हा निर्यातदारांच्या भाड्याचे गणित बिघडले. कोणते जहाज कोठे आहे व धोका कोठे आहे, हे वाचू शकणाऱ्या माणसाची किंमत विमा कंपन्या आणि जहाजवाले पुरेपूर ओळखतात. पुण्याच्या विद्यापीठात या शास्त्राचा स्वतंत्र विभाग आहे. केडगावहून पुणे अडीच-तीन तासांच्या वाटेवर.

शस्त्रांची मोजदाद अहिंसेचा संस्कार असलेल्या घराने करावी का, हा दुसरा प्रश्न घरातील वडीलधारी मंडळी विचारतात, आणि तो पहिल्यापेक्षा अवघड आहे. एमएच १७ चे उदाहरण एका बाजूला आहे. दुसऱ्या बाजूला मुंबई आहे. २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यात दूरचित्रवाहिन्या सुरक्षा दलांच्या हालचाली थेट दाखवीत होत्या, आणि पाकिस्तानात बसलेले सूत्रधार ते पाहून हल्लेखोरांना दूरध्वनीवर सूचना देत होते. तीही मुक्त स्रोतातील गुप्तवार्ताच होती. तिला ना उपग्रह लागला, ना हेर. सर्वोच्च न्यायालयाने २९ ऑगस्ट २०१२ च्या निकालात त्या थेट प्रक्षेपणावर कठोर ताशेरे ओढले. युक्रेनने मार्च २०२२ मध्ये आपल्या सैन्याच्या हालचालींची परवानगीविना चित्रे प्रसिद्ध करणे हा गुन्हा ठरवला. आपल्या केंद्र सरकारनेही २६ एप्रिल २०२५ रोजी लष्करी कारवायांचे थेट प्रक्षेपण टाळण्याची सूचना माध्यमांना दिली.

रेल्वेच्या उघड्या वाघिणींवरून रणगाडे निघाले, की फलाटावरचे चार हात मोबाइलसह वर जातात. कौतुकाने काढलेल्या त्या चित्रात मागे स्थानकाची पाटी असते, घड्याळ असते आणि रणगाड्यावर क्रमांक असतो.