माझे आजेसासरे

आमच्या घरात 'लाला' म्हटले की कोणी गादीवर बसलेले शेठजी डोळ्यांसमोर येत नाहीत. लाकोटा मुले आजोबांना 'लाला' म्हणतात. माझ्या यजमानांचे लाला, म्हणजे माझे आजेसासरे.

मी पुण्याची. सदाशिव पेठेतल्या वाड्यात वाढले, शिकायला नेब्रास्काला गेले आणि 1974 साली वर्गातल्याच एका लाकोटा मुलाशी लग्न करून मोकळी झाले. आईने पत्रात विचारले, 'सासरची माणसे करतात काय?' मी कळवले, 'आजेसासरे घरातले कर्ते. ते गुरे पाळतात, कॉर्नेट वाजवतात आणि शाळेच्या समितीवर आहेत.' उलट टपाली उत्तर आले, 'तिसरे समजले. पहिल्या दोहोंविषयी सविस्तर लिही.' ते पत्र राहूनच गेले. आज लिहिते आहे.

साउथ डकोटात पाइन रिज नावाचे लाकोटांचे राखीव क्षेत्र आहे. चहूकडे गवत आणि रात्रंदिवस वारा. लाकोटांचे सारे जीवन एके काळी रानगव्यांवर चाले. 1880 नंतरच्या चारपाच वर्षांत गव्यांचे उरलेसुरले मोठे कळपही गोऱ्या शिकाऱ्यांनी संपवले. मग आली पाळीव गुरे. त्यांना लाकोटा भाषेत नाव पडले 'ठिपक्यांचे गवे'. ह्या माणसांनी तीही विद्या आत्मसात केली, चांगले कळप उभे केले. पण पहिल्या महायुद्धात गुरांचे भाव चढले, सरकारी अधिकाऱ्यांनी कळप विकायला लावले आणि जमिनी बाहेरच्या गोऱ्या मालकांकडे भाड्याने गेल्या. लालांच्या वडिलांचा कळप असाच गेला. लाला तेव्हा पोरवयाचे होते.

पुढे त्यांनी सात गायींपासून पुन्हा सुरुवात केली. मी सून होऊन गेले तेव्हा साठ होत्या, तांबड्या अंगाच्या, पांढऱ्या तोंडाच्या. जमीन मात्र कागदोपत्री इतक्या वारसांत वाटलेली, की आपल्याकडची भाऊबंदकी बरी! मार्चात बर्फात वासरे होत. गारठलेले वासरू लाला कोटात गुंडाळून घरात आणीत आणि चुलीपाशी निजवीत. माझ्या स्वयंपाकघरात एका वेळी तीन तीन पाहुणे असत.

पण शरद ऋतूत हीच वासरे विक्रीला जात, आणि कशासाठी जात हे मला ठाऊक होते. पहिल्या वर्षी ट्रक आला तो नेमका वसुबारसेच्या सुमारास. मला राहवेना. मी आईने पाठवलेल्या पुडीतले कुंकू अंगणातल्या एका गायीला लावले. लाला पाहत होते. वाटले, आता हसतील. त्यांनी डोक्यावरची हॅट काढली आणि माझे होईपर्यंत तशीच हातात धरून उभे राहिले. मग म्हणाले, "ज्याचे आपण खातो, त्याला नातेवाईक मानावे लागते. सोपे नसते ते." मला ते पूर्ण पटले असे नाही. पण त्या दिवसापासून आमची गट्टी जमली. जुन्या लाकोटा रीतीत सून सासऱ्यांशी तोंड भरून बोलत नाही; आजेसासऱ्यांशी मात्र माझी थट्टामस्करीही चाले.

आता कॉर्नेट. सहाव्या वर्षी लालांना घरापासून तोडून वसतिशाळेत नेले. केस कापले. लाकोटा शब्द तोंडातून निघाला की साबणाने तोंड धुवायचे, ही शिक्षा. अशा शाळांतून बँडही असत. पेनसिल्व्हेनियातल्या कार्लाइल शाळेचा बँड तर 1883 साली ब्रुकलिनच्या पुलाच्या उद्घाटनाला वाजला होता. लाला म्हणत, "एकाच तोंडाला दोन गोष्टी दिल्या त्यांनी. साबण आणि कॉर्नेट." दिवसा ते नाचाच्या, कवायतीच्या चाली वाजवीत. संध्याकाळी गुरे परतली, की कुंपणाशी उभे राहून हलकेच जुन्या लाकोटा गाण्यांच्या चाली वाजवीत. नुसत्या चाली. शब्द नाहीत.

इतके सोसूनही शिक्षणाचे वेड! मुले, नातवंडे सगळी शिकवली. 1971 साली लाकोटांनी पाइन रिजवर स्वतःचे कॉलेज काढले, तेव्हा लाला सहासष्ट वर्षांचे होते. वर्ग दूरदूरच्या वस्त्यांत भरत, आणि गाडी सगळ्यांकडे कुठली? गुरांच्या ट्रकमध्ये पेंढा अंथरून ते विद्यार्थ्यांना पोचवीत. मी विचारले, "शाळेचा राग नाही येत?" म्हणाले, "शाळा वाईट नव्हती. ती आमची नव्हती."

1977 साली मला मुलगी झाली. पुढे शाळेत तिची जीभ अडखळू नये म्हणून मी तिच्याशी फक्त इंग्रजीच बोलू लागले. ती दोन वर्षांची झाली असेल. एकदा मी तिला निजवीत होते. लाला दारात आले.

"तुझी आई तुला निजवताना कुठल्या भाषेत गात असे?"

"मराठीत."

ते चुलीपाशी बसले. बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "साबणाची चव माझ्या मुलांना कळू नये, म्हणून मी त्यांना माझी भाषाच दिली नाही. माझा मुलगा माझी चाल ओळखतो. तिच्यात काय म्हटले आहे ते त्याला कळत नाही. पण ताकोझा," ताकोझा म्हणजे नातवंड, मला ते असेच हाक मारीत, "तुला कोणी साबण लावला होता?"

मला उत्तर सुचले नाही. त्या रात्री मी पोरीला आईची अंगाई म्हणून दाखवली. अर्धे शब्द विसरले होते. ते पत्र घालून आईकडून मागवले.

आणि दुसऱ्या दिवशी सकाळी लाला पणतीला कडेवर घेऊन कुंपणाशी गेले. तिथे मेडोलार्क नावाचा पिवळ्या छातीचा पक्षी गातो. तो लाकोटा बोलतो, असे तिथले लोक मानतात. लाला तिला सांगत होते, "ह्याच्याकडून शीक. हा एकटाच शाळेत गेला नव्हता." साठ-पासष्ट वर्षांनी त्या घरात मुलाशी लाकोटा बोलले जात होते.

लाला 1984 साली गेले. अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांच्या भाषा जपण्याचा कायदा 1990 साली झाला, तो त्यांनी पाहिला नाही. माझी मुलगी आता तिकडेच शाळेत लाकोटा शिकवते. मराठी बोलते ती जरा वाकडी, पण बोलते.

सासरे सत्तरीला आले होते तेव्हाची गोष्ट. एका संध्याकाळी ते नातीपाशी बसले होते. तिने लालांची कुंपणाशी वाजणारी ती चाल गुणगुणली आणि मग एकेक शब्द सावकाश सांगितला. सासरे मुलासारखे तिच्या मागून म्हणत होते. मी आत पोळ्या लाटत होते. हात थांबला. चाल जन्मभर ऐकलेली, शब्द त्या दिवशी कळले.

आई, दोन्हींविषयी सविस्तर लिहिले आहे.