सिलिंडर किती मोठा हवा?

उर्दू माध्यमाच्या विज्ञानाच्या पुस्तकात 'कुव्वत' आणि 'दबाव' हे दोन वेगळे शब्द येतात. मराठी माध्यमात त्यांनाच 'बल' आणि 'दाब' म्हणतात. मी दोन्ही भाषा शिकवतो, विज्ञान नाही. रोजच्या बोलण्यात आपण हे शब्द सर्रास एकमेकांच्या जागी वापरतो आणि त्यानं कुणाचं काही अडत नाही. माझ्या भाच्याच्या यंत्रात मात्र ते अडलं असतं.

भाच्यानं मेकॅनिकलचा डिप्लोमा केला आहे. नोकरीची वाट बघता बघता त्यानं घराच्या मागच्या शेडमध्ये एक हलणारी खुर्ची बनवायला घेतली. समोर पडद्यावर गाडी पळते. तिनं वळण घेतलं की खुर्ची कलते, ब्रेक लागला की पुढे झुकते. खाली तीन हायड्रॉलिक सिलिंडर. ईदच्या मेळ्यात ती मांडायची आणि एका फेरीचे वीस रुपये घ्यायचे, असा बेत. बहिणीनं भिशीचे पैसे त्यात घातले होते. तिचा फोन आला, "भाईजान, तुम्ही एकदा बघून या. लोकांची लेकरं बसणार आहेत त्यात."

आमच्या मालेगावात लूम सुरू ठेवणारे हात गल्लोगल्ली आहेत. लेथ आहे, वेल्डिंग आहे, भंगारही आहे. भाच्यानं भंगारातून 63 मिलिमीटर बोअरचे तीन सिलिंडर आणले होते. "मामू, एकेक दोन टन उचलतो. मजबूत काम!"

मी विचारलं, "उचलायचं किती आहे?"

तो थोडा थांबला. मग आम्ही शेडच्या फरशीवर खडूनं हिशेब मांडला. सूत्रं त्याची, प्रश्न माझे.

बसणारा माणूस 80 किलो धरला. खुर्ची, चौकट, स्टिअरिंग आणि पडदा मिळून 120. एकूण 200 किलो, म्हणजे साधारण 2000 न्यूटन. खुर्ची स्थिर असताना प्रत्येक सिलिंडरवर यातला तिसरा हिस्सा येतो. पण ही खुर्ची स्थिर राहण्यासाठी बनवलेलीच नाही. ती गुरुत्वाच्या निम्म्या त्वरणानं वर उसळली, तर 2000 चे 3000 होतात. शिवाय वळणावर भार एका कोपऱ्यात जातो, म्हणून त्यातला अर्धा, 1500 न्यूटन, एकट्या सिलिंडरवर येईल असं धरलं. सीलचं घर्षण आणि हाताशी राखीव म्हणून दुप्पट केलं. उत्तर आलं 3000 न्यूटन.

आता दाब. 1 बार म्हणजे प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर 10 न्यूटन. पंप 70 बारचा धरला, तर दर चौरस सेंटिमीटरला 700 न्यूटन मिळतात. 25 मिलिमीटर बोअरच्या दट्ट्याचं क्षेत्रफळ 4.9 चौरस सेंटिमीटर. गुणाकार केला की सुमारे 3400 न्यूटन. काम भागलं.

भंगारातल्या 63 मिलिमीटरच्या दट्ट्याचं क्षेत्रफळ 31 चौरस सेंटिमीटर. त्याच 70 बारला तो जवळजवळ 22,000 न्यूटन देतो, म्हणजे दोन टनांहून जास्त. भाचा याला मजबुती म्हणत होता. पण वरचं वजन आणि चौकटीखाली सापडलेला पाय यांतला फरक सिलिंडरला कळत नाही. ज्या खुर्चीला 3000 न्यूटन पुरतात, तिच्याखाली 22,000 ठेवले, तर उरलेले 19,000 न्यूटन फक्त अपघाताच्या उपयोगाचे.

भाच्याकडे उत्तर तयार होतं. रिलीफ व्हॉल्व्ह 10 बारवर बसवायचा, म्हणजे मोठा सिलिंडरही 3000 च्या आसपासच जोर लावेल. बरोबर आहे. पण जोर दाबातून येतो आणि वेग तेलाच्या प्रवाहातून. खुर्ची सेकंदाला 20 सेंटिमीटर हलायची असेल, तर 25 मिलिमीटरच्या सिलिंडरला मिनिटाला 6 लिटर तेल लागतं, तिघांना मिळून 18. 63 च्या एकाला 37 लिटर, तिघांना 112. तेवढा मोठा पंप, तेवढे जाड पाइप, तेवढे मोठे व्हॉल्व्ह कुठून आणायचे? आणि मुळात 10 बारच असतील, तर त्यातला बराचसा दाब पाइप आणि व्हॉल्व्हच खाऊन टाकतात. लहान सिलिंडरना, गळती-घर्षण धरूनही, अडीच किलोवॉटची मोटर पुरते.

मग स्ट्रोक. भाच्याला अर्ध्या मीटरचा हवा होता. पण गाडीत बसल्याचा भास लांब हालचालीतून येत नाही. डोळे पडद्यावर असताना खुर्ची हळूच मागे कलली, तर पाठीवर येणारा स्वतःचाच भार शरीराला गाडीचा वेग वाढल्यासारखा वाटतो. सिलिंडर एकमेकांपासून 80 सेंटिमीटरवर असतील, तर 20 सेंटिमीटरच्या स्ट्रोकनं 14 अंश कल मिळतो, आणि तेवढ्यात गुरुत्वाच्या पाव हिश्श्याचा भास होतो. अमेरिकेत 1929 मध्ये एडविन लिंक यांनी वैमानिकांच्या सरावासाठी यंत्र केलं, ते हवेच्या भात्यांवर हलत असे. लिंक यांच्या वडिलांचा ऑर्गन बनवण्याचा कारखाना होता, भाते तिथल्याच विद्येचे. त्या भात्यांत दोन टनांचा जोर नव्हता.

शेवटचा प्रश्न मी विचारला, तो मालेगावचाच होता. "वीज गेली तर?" खुर्ची वर असताना पंप बंद पडला, तर ती धाडकन खाली येता कामा नये. त्यासाठी प्रत्येक सिलिंडरच्या तोंडाशीच तेल अडवणारा व्हॉल्व्ह हवा, आणि मुलाला सावकाश खाली उतरवण्याची सोय हवी. बसणाऱ्याच्या हाताशी एक आणि चालवणाऱ्याच्या हाताशी एक, असं बंद करण्याचं लाल बटण हवं. चौकटीभोवती जाळी हवी. आणि पाइप गळतो का ते हातानं चाचपायचं नाही, पुठ्ठा धरून बघायचं. सुईएवढ्या भोकातून सुटलेलं दाबाखालचं तेल कातडीत घुसतं आणि मग शस्त्रक्रियेवाचून इलाज नसतो.

आपल्या वस्त्यांतल्या पोरांच्या हुन्नराचं आपण कौतुक करतो, करायलाच हवं. मिळेल त्या सामानातून काहीतरी उभं करणं ही मोठी विद्या आहे. पण सामान बघून यंत्र ठरवायचं की बसणारा माणूस बघून, इथं ती विद्या आणि जुगाड वेगळे होतात. माणसापासून सुरुवात केली, की वजन, बल, बोअर, प्रवाह, मोटर हे सगळं ओळीनं येतं. भंगारापासून सुरुवात केली, की माणूस शेवटी येतो.

मोठे सिलिंडर भंगारात परत गेले, अर्थात कमी पैशांत. लहान सिलिंडर एका ओळखीच्या लेथवाल्याकडे घडताहेत. ते बसले की आधी खुर्चीवर वाळूची पोती बांधून यंत्र तासन्‌तास चालवायचं, चालू असताना मुद्दाम वीज तोडून बघायची, असं ठरलंय. त्यानंतर पहिला भाचा बसेल, दुसरा मी.

बहिणीला मी सांगितलं, यंदाच्या ईदला नाही. तिचे भिशीचे हप्ते सुरूच आहेत, त्यामुळे ते ऐकणं तिला सोपं गेलं नाही. थोडा वेळ ती गप्प राहिली. मग म्हणाली, "लेकरं कुणाचीही असोत भाईजान, बसतील तेव्हा नीट उतरली पाहिजेत."