डोळे पुढच्या ओळीत

प्रौढपण आणि वार्धक्याचं मानसशास्त्र हा विषय मी कोल्हापुरात पदवीच्या मुलांना बरीच वर्षं शिकवला. मानसशास्त्रज्ञ एरिक्सननं मांडलेल्या आयुष्याच्या आठ अवस्था मी झोपेतही सांगितल्या असत्या. आई गेल्यावर माझे वडील, नाना, साताऱ्याहून आमच्याकडं राहायला आले, तेव्हा भावाला मी फोनवर म्हटलं, "तू कशाला काळजी करतोस? हा माझा विषयच आहे." पुढं जे चुकत गेलं त्यातलं निम्मं या एका वाक्यात होतं. उरलेलं निम्मं माझ्या चांगुलपणात दडलेलं असल्यामुळे ते सापडायला जास्त दिवस लागले.

नाना तेव्हा अठ्ठ्याहत्तरीचे. न्यायालयाच्या नक्कल विभागात टायपिस्ट म्हणून आयुष्य काढलेलं. निकालपत्रं आणि साक्षींच्या नकला, तीन-तीन कार्बन घालून. चूक झाली की प्रत्येक प्रतीवर खोडावं लागायचं, म्हणून चूक करायचीच नाही ही सवय. आता हाताला बारीक कंप होता, गुडघे कुरकुरत होते, ऐकू थोडं कमी यायचं. पण डोकं शाबूत होतं. हे 'पण' मी तेव्हा लावत नव्हते.

पहिल्या आठवड्यात मी त्यांच्या गोळ्यांची व्यवस्था लावली. नाना गोळ्या टाइपरायटरच्या रिबनच्या रिकाम्या पत्र्याच्या डब्यांत ठेवायचे. सकाळची डबी डावीकडं, रात्रीची उजवीकडं, गोळी घेतली की झाकण उलटं ठेवायचं. मला ते कळकट वाटलं. मी वारांचे कप्पे असलेली प्लॅस्टिकची पेटी आणली, प्रत्येक झाकणावर एक इंग्रजी अक्षर. मंगळवार आणि गुरुवार दोन्हींवर 'टी', शनिवार-रविवार दोन्हींवर 'एस'. महिनाभरात नानांची दोनदा गोळी चुकली. मी डायरीत लिहिलं: विस्मरण वाढतंय. उलटं झाकण म्हणजे त्यांनी स्वतः बसवलेली, न चुकणारी पद्धत होती आणि ती मीच कचऱ्यात टाकली होती, हे लिहायचं मला सुचलं नाही.

मग बटणं. शर्टाची बटणं लावायला नानांना वेळ लागायचा. माझं सकाळचं कॉलेज. त्यांची धडपड बघत उभं राहण्यापेक्षा मी पटकन लावून द्यायला लागले. लावता लावता दोन गोष्टी बोलायच्या, झोप कशी लागली विचारायचं, निघायचं. काही महिन्यांनी नाना बटणांना हातच लावेनात. शर्ट अंगात घालून पलंगाच्या कडेला माझी वाट बघत बसायचे. कंप वाढला म्हणून मी डॉक्टरांकडं घेऊन गेले. पुढं परीक्षेच्या पेपर तपासणीसाठी मला काही दिवस बाहेरगावी राहावं लागलं. परत आल्यावर स्वयंपाकाच्या मावशींना विचारलं, नानांना कपडे कोण घालत होतं? त्या म्हणाल्या, "घालायचं कशाला? तुम्ही नसला की आठच्या आत तयार असत्यात की."

मार्गरेट बाल्टेस या जर्मन मानसशास्त्रज्ञ बाईंचं काम मी दरवर्षी एका तासात शिकवायचे. वृद्धाश्रमांत बसून त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काय टिपलं, तर कर्मचारी कशाला प्रतिसाद देतात आणि कशाला देत नाहीत. म्हाताऱ्या माणसानं 'जमत नाही' म्हटलं की लगेच कुणीतरी जवळ येतं, बोलतं, हात लावतं. तोच माणूस स्वतःचं स्वतः करत असला की त्याच्याकडं कुणी फिरकत नाही. वागणुकीचा हा साचा इतका पक्का निघाला की परावलंबन हे नुसतं शरीर थकल्याचं लक्षण मानता येईना, ते आजूबाजूची माणसं शिकवतात असं बाईंनी मांडलं. त्यापुढची त्यांची गोष्ट मला जास्त लागते: परावलंबनातून म्हाताऱ्या माणसाला काही मिळतंही. सोबत मिळते.

हे फळ्यावर लिहिणारी मी घरी काय करत होते? नाना पेपर वाचत असले, रेडिओ लावत असले, स्वतःच्या हातानं दाढी करत असले, की मी 'चला, बरं चाललंय' म्हणून आत जायचे. त्यांच्याजवळ बसायचे ते बटणं लावायला, नखं कापायला, पायाला तेल लावायला. दिवसभरातली माझी सोबत हवी असेल तर काहीतरी जमत नसायला हवं, असा नियम मी न बोलता घालून दिला होता. नाना तो मुद्दाम पाळत होते असं मी म्हणणार नाही. त्यांना मी तसं कधी विचारलेलं नाही, आणि विचारायची माझी अजून छाती नाही. येणारे-जाणारे मात्र माझं कौतुक करायचे. लेक किती करते बघा. आपल्याकडं म्हाताऱ्या माणसाचं जितकं त्याच्या हातून काढून घ्यावं तितकी लेकाची-सुनेची वाहवा होते. बापाला स्वतःचा चहा स्वतः करू देणाऱ्या मुलीला असं कुणी म्हणत नाही.

स्मरणशक्तीच्या चाचणीचं सांगायला लाज वाटते, पण सांगते. गोळ्या चुकल्यावर मी एका संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर नानांची चाचणी घेतली. शब्दांची यादी वाचून दाखवायची, थोड्या वेळानं आठवतील तितके विचारायचे. मी 'फणस' म्हटलं होतं, नानांनी 'पळस' सांगितलं. 'शिडी'ची 'बिडी' झाली. यादीत नसलेले शब्द सांगणं ही गुण देताना वेगळी नोंदवायची चूक असते. मी ती इमानेइतबारे नोंदवली. नंतर कानाच्या डॉक्टरांनी आलेख काढून दाखवला, तेव्हा कळलं की परीक्षा कानांची झाली होती. वयानुसार ऐकू येणं कमी होतं ते आधी वरच्या पट्टीतल्या आवाजांचं, आणि स, श, फ यांसारखी व्यंजनं त्याच पट्टीत असतात. स्वर ऐकू येतात, शब्द निसटतो. म्हणून माझ्या नवऱ्याचं बोलणं नानांना समजायचं आणि माझ्या चढ्या आवाजातलं समजायचं नाही. मग मी आणखी आवाज चढवायचे. मला वाटायचं की ते माझं ऐकून न ऐकल्यासारखं करतात.

सगळ्यात हास्यास्पद प्रकार कुंड्यांचा. एलेन लँगर आणि ज्युडिथ रॉडिन यांचा 1976 सालचा प्रयोग मानसशास्त्र शिकलेल्या कुणालाही माहीत असतो. अमेरिकेत कनेक्टिकटमधल्या एका वृद्धाश्रमात एका मजल्यावरच्या लोकांना सांगितलं की तुमच्या दिवसाचं तुम्ही ठरवा, हवं तर एक रोप निवडा आणि तुम्हीच सांभाळा. दुसऱ्या मजल्यावर रोपं वाटली, पण पाणी कर्मचारी घालणार. पहिल्या मजल्यावरचे लोक जास्त उत्साही आणि जास्त मिसळणारे दिसले. तर मी काय केलं? रंकाळ्याजवळच्या रोपवाटिकेतून मला आवडलेली गुलाबाची कलमं आणली आणि नानांच्या खिडकीत ठेवून सांगितलं, "नाना, आजपासून ही तुमची जबाबदारी." नानांनी जन्मात कधी झाडाला पाणी घातलं नव्हतं, ते काम आईचं. प्रयोगातला निवडीचा भाग मी स्वतःकडं ठेवला आणि पाणी घालायचा भाग त्यांना दिला. गुलाब उन्हाळ्यात वाळले. त्याचं अपराधीपण नानांना आलं ते वेगळंच.

ज्येष्ठ नागरिक संघातही मी त्यांना जवळजवळ ढकललं. माणसं हवीत, गजबज हवी, असा माझा हेका. दोन-तीनदा जाऊन आले आणि मग 'आज पाय दुखतोय' सुरू झालं. मी उदासीचा संशय घेतला. स्टॅनफर्डच्या लॉरा कार्स्टेन्सन यांचा सिद्धांत तर याच्या बरोबर उलटं सांगतो: पुढचा काळ थोडा उरला असं जाणवू लागलं की माणूस ओळखीपाळखीची माणसं स्वतःहून कमी करतो आणि जिवाभावाची चार ठेवतो. तशी चार माणसं नानांकडं होती. ती साताऱ्यात होती, इतकंच.

आता ज्या चुकीमुळे हे लिहायला बसले ती. नाना रोज रात्री विचारायचे, "उद्या काय आहे?" कोण येणार, कुठं जायचंय, मावशी सुट्टीवर आहेत का, गाडी कोण चालवणार. मी सांगायचे. अर्ध्या तासानं पुन्हा एखादा प्रश्न: किती वाजता निघायचं? बाहेर थांबावं लागेल का? माझ्या डायरीत याची नोंद 'चिंता, वारंवार तेच प्रश्न' अशी आहे. त्यावर मी उपाय काढला की आधी काही सांगायचंच नाही. उगाच घोर नको त्यांना. दवाखान्यात जायचं असलं तरी ऐनवेळी, गाडी दारात लागल्यावर सांगायचं, "चला नाना, निघायचंय." मग त्यांची धांदल. चष्मा सापडत नाही, चपला उलट्या, जिन्यात थांबून पिशवी चाचपणं. आणि माझं मनात: बघा, किती गोंधळ होतो यांचा.

आमच्या शेजारची मुलगी टायपिंगच्या परीक्षेची तयारी करत होती, मराठी तीसच्या गतीची. आता यंत्र जाऊन संगणक आला, पण बोटं तीच. नाना तिला शिकवायला लागले. मी ते नेमून दिलं नव्हतं, म्हणून ते टिकलं. एकदा बाहेरच्या खोलीतून त्यांचा आवाज आला, चिडलेला: "बोट जिथं आहे तिथं डोळे ठेवलेस तर मेलीस. बोटं या शब्दावर असली की डोळे पुढच्या ओळीत पाहिजेत."

मी जागच्या जागी थांबले, कारण हे मला पाठ होतं. टिमथी सॉल्टहाउस यांचा 1984 सालचा अभ्यास, 19 ते 72 वर्षांच्या टायपिस्टांवर केलेला. वय वाढलं तशी बोटं हळू झालेली. पडद्यावर खूण दिसली की तिच्यासाठी ठरलेलं बटण दाब, अशा कसोटीत वयस्क मंडळी स्पष्ट मागं. पण टायपिंगच्या वेगात फरक नाही. हे कसं? वयस्क टायपिस्टांचे डोळे बोटांच्या जास्त पुढं धावत होते. पुढचा मजकूर आधीच वाचून ठेवल्यानं बोटांना तयारीला वेळ मिळत होता. पडद्यावर पुढची थोडीच अक्षरं दिसू दिली की ही भरपाई करता येईना आणि वेग पडला.

हा अभ्यास मी वर्षानुवर्षं शिकवला आणि घरात आयुष्यभर टायपिंग केलेला माणूस असून त्याला कधी सांगितला नाही. त्या रात्री सांगितला. नाना म्हणाले, "यात शोध काय लावला? आमच्या खात्यात कुणालाही विचारायचं."

मग मी दुसरं विचारलं, जे खरं विचारायचं होतं. रोज रात्री उद्याचं का विचारता? ते जरा चकित झाले. "गुडघा आखडतो सकाळी. दहाला निघायचं तर मला आठपासून हलायला लागतं. चष्मा, गोळी, लघवी, सगळं बघायला लागतं. तू सांगत नाहीस, मग होते पळापळ." थोडं थांबून म्हणाले, "तुला वाटतं मी विसरतो."

वर्गात मी भरपाई हा शब्द किती सहज वापरत आले. त्यांच्या दिवसात ती भरपाई सगळीकडं होती: रिबनच्या डब्या, बँकेत दार उघडायच्या आधी पोचणं, समारंभात पुढच्या रांगेत बसणं, रात्रीचे प्रश्न. त्यातलं प्रत्येक मी दुखण्याच्या खात्यात लिहिलं होतं. त्यांची गती टिकवणारी गोष्ट म्हणजे पुढचं दिसणं, आणि घोर नको म्हणून मी तेच झाकून ठेवलं होतं. खरं सांगायचं तर घोर मलाच नको होता. प्रश्नांना उत्तरं देत बसायचा कंटाळा.

चुका कळल्या म्हणून त्या थांबल्या असं नाही. डॉक्टर अजून माझ्याकडं बघून "भूक कशी आहे यांची?" विचारतात आणि मी अजून बोलून जाते. नाना आता मध्येच "मी सांगतो" म्हणतात, हा फरक. डब्या परत आल्या आहेत. बटणं ते लावतात, आणि सकाळचा चहा मी त्यांच्याबरोबर बसून घेते. कॉलेजला त्यामुळे उशीर होतो. त्यात पूर्वीच्या बटणांच्या वेळच्या सोबतीची भरपाई होते की नाही, मला सांगता येत नाही.

सध्या वाद आहे तो नोव्हेंबरचा. पेन्शन चालू राहायला दरवर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो. नानांचं बँकेतलं खातं साताऱ्यातच आहे. गेल्या वर्षी मी हौसेनं मोबाईलवर त्यांचा चेहरा दाखवून तो दाखला घरबसल्या भरून टाकला आणि फार मोठं काम केल्यासारखं त्यांना सांगितलं. त्यांनी फक्त "बरं" म्हटलं. बँकेत यादीवर सही करायला त्यांच्या खात्यातली उरलेली मंडळी त्या आठवड्यात जमतात, सही करून समोरच्या हॉटेलात मिसळ खातात, हे मला भावाकडून कळलं. यंदा नाना सप्टेंबरपासून सांगतायत की ते एसटीनं जाणार. 75 च्या पुढं तिकीट लागत नाही, हेही दोनदा सांगून झालंय. मी म्हणते, मी सोबत येते. ते म्हणतात, तू आलीस की माझं बोलणं तूच बोलतेस. भाऊ त्यांच्या बाजूनं आहे. निघायच्या तारखेची, गाडीच्या वेळेची आणि कराडला गाडी किती थांबते याची चौकशी त्यांनी केलेली आहे. मी अजून हो म्हटलेलं नाही.