पंख थांबवणारा उजेड

१० फेब्रुवारी, सान हेरार्दो दे दोता, कोस्टा रिका

तालामांका डोंगररांगेतली सावेग्रे नदीची दरी, उंची सुमारे २,२०० मीटर. पहाटे बोटं आखडतात. ओसरीच्या सावलीत साखरपाण्याची बाटली टांगली, एक भाग साखर, चार भाग पाणी. रंग नाही, मध नाही. हमिंगबर्ड कुठे तरंगणार तो बिंदू आधी ठरवला, मग त्याच्याभोवती स्टँड. दोन फ्लॅश समोरून, एक मागून पिसांच्या कडा उजळायला, एक पार्श्वभूमीवर. सगळे जवळ, कारण अंतर दुप्पट झालं की पोचणारा उजेड चौथाई उरतो.

शटर १/२००, आयएसओ ४००, एफ/१६. फ्लॅश बंद ठेवून एक फोटो घेतला. पूर्ण काळा आला, हवा होता तसाच. दिवसाचा उजेड सेन्सरवर उमटत नाही, म्हणजे आता जे दिसेल ते फ्लॅशचंच.

११ फेब्रुवारी

पंखाचं टोक सेकंदाला १० मीटर वेगाने जातंय असं धरलं, तर १/२०० सेकंदात ते ५ सेंटिमीटर सरकतं. फोटोत नुसता धूर दिसेल. १/२०,००० सेकंदात तेच टोक जेमतेम अर्धा मिलिमीटर हलतं. इतकं जलद शटर माझ्या कॅमेऱ्यात नाही, पण इतका आखूड उजेड साध्या फ्लॅशमध्ये आहे. त्याची ताकद १/३२ वर आणली की साठवलेली वीज मध्येच तोडली जाते आणि लखलखाट तेवढाच छोटा होतो. हाय-स्पीड सिंक मात्र बंद ठेवायचं. त्यात फ्लॅश लागोपाठ ठोके देत राहतो आणि पंख पुसट होतात.

१९३० च्या दशकात एमआयटीत हॅरल्ड एजर्टन यांनी स्ट्रोब दिव्यांवर काम केलं, त्यातूनच ही वाट निघाली. पुढे ड्यू पाँट कंपनीचे प्रमुख क्रॉफर्ड ग्रीनवॉल्ट यांनी हमिंगबर्डसाठी खास फ्लॅश यंत्रणा घडवली. त्यांचं पुस्तक १९६० मध्ये आलं. हातातल्या छोट्या फ्लॅशकडे आज मी फार आदराने पाहिलं.

१२ फेब्रुवारी

आणखी वर, ओकच्या जंगलात. इथे फायरी-थ्रोटेड हमिंगबर्ड आहे. कोस्टा रिका आणि पश्चिम पनामाचे डोंगर सोडून तो कुठेच नाही. फांदीवर बसला की गडद हिरवा. समोर वळला आणि गळा पेटला: तांबडा, नारिंगी, कडेला निळा. हा रंग पिसांतल्या सूक्ष्म थरांवरून उजेड परतताना तयार होतो, म्हणून कोन जरा चुकला की गळा काळा पडतो. दुपारभर फ्लॅश सरकवत राहिलो. एक लेन्सच्या अगदी वर आणला तेव्हा तो झळाळ सेन्सरवर उतरला.

१३ फेब्रुवारी

संध्याकाळी फोटो मोठे करून पाहिले. व्होल्कॅनो हमिंगबर्ड, जेमतेम अडीच ग्रॅमचा. एका चित्रात पंख पुढे झेपावलेला. दुसऱ्यात मागे परतताना पूर्ण उलटलेला, खालची बाजू आभाळाकडे. २००५ मधल्या एका प्रयोगात रूफस हमिंगबर्डच्या पंखांभोवतीची हवा मोजली गेली. शरीर तोलण्याचं सुमारे तीन चतुर्थांश काम खाली, म्हणजे पुढे, येणारा पंख करतो आणि उरलेलं एक चतुर्थांश वर, म्हणजे मागे, जाणारा. ते एक चतुर्थांश या उलट्या पंखातून येतं. डोळ्यांना फक्त गुंजणारं धूसर वर्तुळ दिसत होतं. त्यातली पंखाची ही कलाटणी मी आज पहिल्यांदा पाहिली. अशा चित्रासाठीच एवढी मांडामांड करायची.

१४ फेब्रुवारी

आज बाटली हलवली आणि तिच्या जागी सेंट्रोपोगॉनचं फूल लावलं. सिरिंजने पाकळ्यांच्या नळीत थोडं साखरपाणी सोडलं. मागे झुडपांच्या धूसर फोटोचा मोठा छापील कागद, नाहीतर फ्लॅशमध्ये भरदिवसा रात्र झाल्यासारखी पार्श्वभूमी येते. पक्षी आले, प्यायले, पुन्हा आले. मधूनमधून फ्लॅश बंद ठेवून त्यांना निवांत पिऊ दिलं.

चित्रं सुंदर आली. रात्री फोटोओळी लिहायला बसलो. पक्ष्याचं नाव, ठिकाण, आणि त्याखाली: फुलात साखरपाणी घातलं होतं, मागचं रान छापील आहे, उजेड फ्लॅशचा आहे. पाहणाऱ्याने त्या उलट्या पंखावर विश्वास ठेवायला हवा असेल, तर बाकीचं मी काय रचलं ते त्याला कळलंच पाहिजे. यापुढे या पद्धतीचा प्रत्येक फोटो या ओळींसहच देणार.