न फाटलेलं पान

भाजे लेण्यांतलं चैत्यगृह मागे टाकून दक्षिणेकडच्या शेवटच्या विहारात शिरा. ओसरीच्या भिंतीवर हत्तीवर बसलेला कोणी आहे. त्याला कोणी इंद्र म्हणतात, कोणी मांधाता. तो वाद पंडितांनी घालावा. त्याच्या खालच्या बाजूला एक बाई जोडवाद्य घेऊन बसली आहे, शेजारी दुसरी नाचते आहे. चेहरे झिजले, तोल मात्र तसाच. दोन हजार वर्षांत तिच्या वाद्याचं पान फाटलं नाही, मावळच्या पावसात ते सैल पडलं नाही.

संबळ हेही जोडवाद्यच, पण त्याचं तसं नाही. पलीकडच्या डोंगरावर, कार्ल्याच्या एकवीरेपुढे गोंधळी कमरेला संबळ बांधतो, उबेवर पानं तापवतो, टोकाशी वाकलेली काठी फिरवून पाहतो. आवाज चढला की दिवटी पुढे होते, तुणतुणं लागतं. एकवीरा म्हणजेच रेणुका. परशुरामाने बेटासुराला मारून त्याच्या शिराचं वाद्य केलं आणि आईपुढे वाजवलं, अशी गोंधळाची जन्मकथा सांगतात.

वाद्याला देवाशी जोडणारे आपण एकटेच नाही. दूर नायजेरियात योरुबांचे काही ढोल अंगभर कोरलेले असतात. चेहरे, साप, प्राणी. तिथल्या वादक घराण्यांच्या नावांत ढोलाचा देव ‘आयान’ असतो. आपल्या संबळाच्या अंगावर तशी नक्षी सहसा नसते. ती सगळी नक्षी हातात उतरते आणि हाताबरोबरच जाते.

म्हणून तर जीव तुटतो. एकवीरेशेजारच्याच चैत्यात छताच्या लाकडी कमानी अजून जागच्या जागी आहेत. त्या लाकडाला कोणी वाजवलं नाही, म्हणून ते टिकलं. वाजणारं लाकूड झिजतं, चिरतं; मग नवं खोड कोरावं लागतं, कातडं कमवावं लागतं, वादी ओढावी लागते. एवढं करायला मुलगा बापाजवळ बसावा लागतो. तो आता लोणावळ्यात हॉटेलात नोकरीला जातो, आणि त्याचं काय चुकलं? सुपारी चार घरची, पोट बारा महिन्यांचं.

चैत्रात कोळी-आगऱ्यांच्या पालख्या वर येतात. स्पीकरच्या भिंतीपुढे संबळ ऐकूच येत नाही; नुसता हात हललेला दिसतो, भाज्याच्या त्या बाईसारखा.

नवस फेडायला जाल तेव्हा गोंधळ घाला. स्पीकर बंद करायला सांगा, आणि गोंधळ्याची बिदागी बँडवाल्याइतकीच द्या.